कबुली मिळाली, माणूस मिळाला नाही

केफ्लाविक हे आइसलँडच्या नैऋत्य टोकावरचं मासेमारीचं गाव. 19 नोव्हेंबर 1974 च्या रात्री तिथल्या गेइरफिन्नुर एइनार्सनला घरी एक फोन आला. तो बांधकामावर काम करणारा, वय 32, घरी बायको आणि दोन मुलं. तो बंदराजवळच्या दुकानापर्यंत जाऊन आला, पण कोणी भेटलं नाही. घरी पोचतो तोच पुन्हा फोन वाजला. या वेळी तो स्वतःची गाडी घेऊन निघाला. गाडी नंतर त्या दुकानाजवळच उभी असलेली सापडली, किल्ली आतच होती. गेइरफिन्नुर मात्र कुठेच नव्हता.

त्याच वर्षी जानेवारीत असाच आणखी एक जण नाहीसा झाला होता. गुदमुंदुर एइनार्सन, वय 18. राजधानी रेक्याविकजवळच्या हाप्नारफ्योर्दुर गावात तो मित्रांबरोबर नाचगाण्याला गेला होता. दारू प्यायलेला होता, बाहेर बर्फ पडत होतं, घर दहाएक किलोमीटरवर होतं आणि तो पायीच निघाला. रस्त्यावर काही गाडीवाल्यांना तो झोकांड्या खाताना दिसला. त्यानंतर कोणालाही दिसला नाही. दोघांचं आडनाव एकच वाटेल, पण त्यांचं नातं काही नव्हतं. आपण वडिलांचं नाव मध्ये लावतो, आइसलँडचे लोक ते शेवटी लावतात. दोघांच्याही वडिलांचं नाव एइनार होतं, एवढंच.

या देशात माणूस हरवणं ही दुर्मीळ गोष्ट नव्हती. लाव्हा थिजून झालेली मैलोन्‌मैल पठारं, त्यात माणूस उभा गडप होईल अशा भेगा, वर बर्फाचं पांघरूण, भोवती खवळलेला समुद्र. वादळात सापडलेला मच्छीमार किंवा वाट चुकलेला वाटसरू परत आला नाही, तर लोक हळहळत आणि निसर्गापुढे मान तुकवत. गुदमुंदुरच्या बाबतीतही सुरुवातीला तसंच झालं. गेइरफिन्नुरचं प्रकरण वेगळं ठरलं ते त्या फोनमुळे. त्याला कोणीतरी बोलावून घेतलं होतं, म्हणजे यामागे माणसाचा हात होता.

त्या रात्री एका अनोळखी माणसाने बंदरावरच्या दुकानातून फोन केला होता. त्याला पाहिलेल्यांच्या वर्णनावरून पोलिसांनी त्याचं डोकं चक्क मातीत घडवून घेतलं. त्याचा फोटो वर्तमानपत्रांत छापून आला आणि घराघरांत पोचला. त्यांच्या भाषेत मातीला ‘लेइर’ म्हणतात, म्हणून लोकांनी त्या पुतळ्याचं नावच ‘लेइरफिन्नुर’ ठेवलं. देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम सव्वादोन लाख होती. एवढ्या लहान समाजात प्रत्येकाला तो चेहरा कोणा ना कोणासारखा वाटू लागला. दारूच्या चोरट्या व्यापाराच्या, राजकारण्यांच्या हितसंबंधांच्या अफवा उठल्या. हाताला काहीच लागलं नाही आणि तपास थंडावला.

तो पुन्हा पेटला डिसेंबर 1975 मध्ये, आणि तोही वेगळ्याच कारणाने. टपाल आणि दूरध्वनी खात्यातल्या पैशांच्या अफरातफरीवरून पोलिसांनी साइवार चेसिएल्स्की आणि एर्ला बोल्लादोत्तिर या तरुण जोडप्याला पकडलं. एर्ला वीस वर्षांची होती, पदरात काही आठवड्यांचं मूल होतं. अफरातफरीची कबुली तिने दिली. मग पोलिसांनी तिला गुदमुंदुरचा फोटो दाखवला आणि तो नाहीसा झाला त्या रात्रीचं काही आठवतं का, असं विचारलं. ती म्हणाली, त्या रात्री मला एक वाईट स्वप्न पडलं होतं. खिडकीबाहेर काही माणसं कुजबुजत होती.

पुढचं सगळं प्रकरण या एका वाक्यावर उभं राहिलं. ते स्वप्न नसावं, तू काहीतरी भयंकर पाहिलं असशील आणि मनाने ते दडपलं असेल, असं तिला पुन्हा पुन्हा सांगण्यात आलं. बाळापासून तुटलेल्या, एकट्या कोठडीत बसलेल्या त्या मुलीने अखेर जबाबावर सही केली. आपल्या घरात साइवार आणि त्याच्या मित्रांनी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड उचलून नेलं, असा तो जबाब होता. सही झाल्यावर तिला घरी सोडलं. मग तिने नावं घेतलेल्यांना उचललं, त्यांचे जबाब झाले, त्या जबाबांतून आणखी नावं आली. एका कबुलीला दुसऱ्या कबुलीचा टेकू आणि दुसरीला पहिलीचा. जमिनीत रोवलेला खांब मात्र एकही नव्हता.

काही दिवसांतच प्रश्न गेइरफिन्नुरकडे वळले. एर्लाने आणखी नावं घेतली, त्यांत तिचा सावत्र भाऊही होता. या गुन्ह्याशी काडीचाही संबंध नसलेली चार माणसं त्यामुळे तीन-साडेतीन महिने कोठडीत राहिली. जबाब तर दर आठवड्याला बदलत होते. खून किनाऱ्यावर झाला की होडीत, किती जण होते, प्रेत कुठे पुरलं, प्रत्येक वेळी उत्तर निराळं. एकदा तर गोळी मीच झाडली, असंही एर्ला म्हणाली. आरोपी जागा दाखवत आणि पोलीस लाव्हाची पठारं खणत. प्रेत, हत्यार, रक्ताचा डाग, कपड्याची चिंधी, यांतलं काहीही मिळालं नाही. 1976 मध्ये पश्चिम जर्मनीच्या केंद्रीय गुन्हे पोलीस दलातून निवृत्त झालेले कार्ल श्युत्स यांना मदतीला बोलावलं गेलं. त्यांनी विस्कळीत जबाब जुळवून एक सलग कथा तयार केली. 1977 च्या सुरुवातीला प्रकरण उलगडल्याचं जाहीर झालं आणि राष्ट्राच्या मानेवरचं दुःस्वप्न उतरलं, अशा आशयाचं न्यायमंत्री बोलले.

22 फेब्रुवारी 1980 रोजी आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला. साइवारला 17 वर्षं, क्रिस्त्यान विदार विदार्सनला 16, त्रिग्वी रूनार लेइफसनला 13, गुदयोन स्कार्पहेदिन्सनला 10, एर्लाला 3 वर्षं आणि आल्बर्ट क्लान स्काफ्तासनला एक वर्ष. दोन खुनांच्या या खटल्यात प्रेत एकही नव्हतं आणि प्रयोगशाळेतून आलेला, आरोपींना गुन्ह्याशी जोडणारा पुरावाही नव्हता. होती ती फक्त कबुली.

न केलेला खून माणूस कबूल कसा करेल, असा प्रश्न कोणालाही पडेल, आणि मारहाण झाली असेल हे उत्तर पहिलं सुचेल. मार असह्य झाला की माणूस काहीही कबूल करतो, हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. अशी कबुली देणाऱ्याला मनातून ठाऊक असतं की आपण निर्दोष आहोत, सुटका झाली की तो ती नाकारतो. पण खोट्या कबुलीचा याहून भयंकर असा एक प्रकार आहे. त्यात माणसाचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वासच उडतो आणि हे आपणच केलं असावं, असं त्याला खरोखर वाटू लागतं.

या प्रकाराला नाव दिलं ते आइसलँडच्याच एका माणसाने. गिस्ली गुदयोनसन सत्तरच्या दशकात रेक्याविकमध्ये तरुण पोलीस होते. 1975 मध्ये त्यांच्याकडे एक साधी चोरीची तक्रार आली. एका बाईची पर्स गेली होती आणि संशय तिच्या मित्रावर होता. तो दारूच्या आहारी गेलेला, आदल्या रात्रीचं त्याला काहीच आठवत नव्हतं. चौकशीत तो म्हणाला, ती म्हणते त्या अर्थी मीच घेतली असणार. नंतर कळलं की पर्स चोरीला गेलीच नव्हती, बाई ती दुसरीकडे विसरली होती. हात न उगारता, आवाजही न चढवता आपल्यासमोर एका माणसाने न घडलेला गुन्हा कबूल केला, हे गुदयोनसन यांच्या मनातून गेलं नाही. पुढे लंडनला जाऊन ते मानसशास्त्रज्ञ झाले. 1982 मध्ये डॉक्टर जेम्स मॅकीथ यांच्याबरोबर त्यांनी या अवस्थेचं वर्णन केलं. तिला आपण ‘स्मृती-अविश्वास’ म्हणू. दडपणाखाली माणूस किती चटकन दुसऱ्याचं म्हणणं स्वीकारतो, हे मोजणारी चाचणीही त्यांनी तयार केली. ब्रिटनमध्ये बाँबस्फोटांच्या आरोपाखाली शिक्षा झालेले ‘गिल्डफर्ड फोर’ आणि ‘बर्मिंगहॅम सिक्स’ अनुक्रमे 1989 आणि 1991 मध्ये निर्दोष सुटले. त्यांनी दिलेल्या कबुल्यांचं मर्म उलगडण्यात गुदयोनसन यांच्या कामाचा वाटा होता.

आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. दर वेळी आठवताना मेंदू ती नव्याने जुळवतो, आणि मधल्या जागा जे हाती असेल त्याने भरतो. दुसऱ्याने सांगितलेलं, वर्तमानपत्रात वाचलेलं, स्वप्नात दिसलेलं, सगळं त्यात मिसळू शकतं. एरवी आपण ही भेसळ ओळखतो. घरच्यांना विचारतो, तारीख ताडून पाहतो. एकांतकोठडीत असं पडताळून पाहण्याचा मार्गच उरत नाही. बाहेरच्या जगातून जो एकमेव माणूस येतो, तो तपास अधिकारी, आणि त्याला तर खात्री असते की तू तिथे होतास.

रेक्याविकच्या सीदुमूली तुरुंगात हे सगळं एकत्र आलं होतं. आरोपींपैकी काहींनी सहाशेहून अधिक दिवस एकांतकोठडीत काढले. झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या दिल्या जात. चौकशी तासन्‌तास चाले, आणि अनेक बैठकांची धड नोंदही ठेवलेली नव्हती. गुदयोन स्कार्पहेदिन्सन हा आरोपींतला शिकलेला, विचारी माणूस. त्याने कोठडीत रोजनिशी लिहिली. आपण खरंच त्या रात्री केफ्लाविकला गेलो होतो का, हे आठवण्यासाठी तो किती धडपडत होता, ते तिच्यात दिसतं. जे घडलंच नव्हतं ते आठवत नाही, याचा दोष तो स्वतःला देत होता. सुटल्यावर तो धर्मशास्त्र शिकला आणि पाद्री झाला.

हे फक्त कोठडीतच घडतं असंही नाही. 1996 मध्ये सॉल कॅसिन आणि कॅथरीन कीचेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. विद्यार्थी संगणकावर अक्षरं टाइप करत होते आणि ‘ऑल्ट’ या कळीला हात लावायचा नाही, असं त्यांना बजावलेलं होतं. मध्येच संगणक बंद पाडला आणि कळ दाबल्याचा आळ विद्यार्थ्यावर घेतला. कळ कोणीच दाबली नव्हती, तरी 69 टक्के विद्यार्थ्यांनी कबुलीवर सही केली आणि 28 टक्क्यांना आपणच ती दाबली असं खरोखर वाटलं. एका छोट्याशा प्रयोगात हे होतं. सहाशे दिवसांत काय होईल, ते वाचकांनीच ताडावं.

मग कबुलीला काही किंमत आहे की नाही? आहे, आणि मोठी आहे. पण ती किंमत तिच्यातून पुढे काय सापडतं यावर ठरते. फक्त गुन्हेगारालाच ठाऊक असेल अशी गोष्ट आरोपीने सांगितली आणि ती जागेवर जाऊन खरी ठरली, तर ती कबुली भक्कम. पण ती गोष्ट पोलिसांना आधीच माहीत असेल, तर प्रश्नांतून ती आरोपीच्या कानावर गेली नाही, याची खात्री कोण देणार? म्हणून पोलिसांनाही आधी ठाऊक नसलेलं काही सापडणं, हीच खरी कसोटी. आइसलँडच्या कबुल्यांतून अशी एकही वस्तू निघाली नाही. खणलेला प्रत्येक खड्डा रिकामा निघत होता, आणि त्या रिकाम्या खड्ड्यांनीच कबुली खोटी असल्याची साक्ष दिली होती. ती साक्ष न्यायालयाने तेव्हा ऐकली नाही. माझ्या मते ही त्या खटल्यातली सर्वांत मोठी चूक होती.

याच्या अगदी उलट असं एक प्रकरण अमेरिकेतलं आहे. नोव्हेंबर 1986 मध्ये कनेटिकट राज्यातली हेल क्राफ्ट्स ही डॅनिश हवाई सेविका नाहीशी झाली. तिचा वैमानिक नवरा रिचर्ड याने शेवटपर्यंत काहीही कबूल केलं नाही. मात्र त्याने त्या सुमारास लाकडाचे तुकडे करणारं मोठं यंत्र भाड्याने आणलं होतं. बर्फ हटवणाऱ्या गाडीच्या चालकाने ऐन हिमवादळात, भलत्या वेळी, नदीकाठी ते यंत्र पाहिलं होतं. तपास पथकाने त्या काठावरचं बर्फ वितळवून, पालापाचोळा गाळून काढला. हाती लागले हाडांचे बारीक तुकडे, एक नख, टोपण बसवलेला दात आणि दोन हजारांहून अधिक सोनेरी केस. मानवी अवशेषांचं सगळं वजन मिळून शंभर ग्रॅमसुद्धा भरलं नाही. दंतवैद्याकडच्या नोंदींशी दात जुळला आणि मृत्यू सिद्ध झाला. पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत होऊ शकलं नाही, दुसऱ्या खटल्यात रिचर्ड दोषी ठरला. शंभर ग्रॅमच्या आत असलेल्या त्या अवशेषांनी जे सिद्ध केलं, ते आइसलँडमध्ये जबाबांच्या हजारो पानांना जमलं नव्हतं.

प्रेताशिवाय खुनाचा खटला चालवावा का, हा वाद जुना आहे. 1660 मध्ये इंग्लंडच्या कॅम्डन गावात विल्यम हॅरिसन नावाचा वृद्ध कारभारी नाहीसा झाला. जॉन पेरी या नोकराने आपल्या आईने आणि भावाने त्याचा खून केल्याचं सांगितलं. तिघांनाही फाशी झाली. 1662 मध्ये हॅरिसन जिवंत परत आला.

आपल्या कायद्याने कबुलीबद्दल सुरुवातीपासूनच सावध भूमिका घेतली आहे. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 25 ने ठरवलं, की पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. कलम 27 ने त्याला एक अपवाद ठेवला. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून काही नवं उघडकीस आलं, तर तेवढ्यापुरतं ते विधान ग्राह्य. म्हणूनच महाराष्ट्रातल्या खटल्यांत निवेदन पंचनाम्याला इतकं महत्त्व असतं. आरोपी पंचांसमोर सांगतो, मग पंच आणि पोलीस त्याच्या मागे जातात आणि वस्तू मिळाली तर जागेवर नोंद होते. पुलुकुरी कोट्टया खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने याची मर्यादा आणखी स्पष्ट केली. नुसता चाकू सापडणं पुरेसं नाही. तो कुठून निघाला आणि ती जागा आरोपीला ठाऊक होती, एवढंच त्यातून सिद्ध होतं. त्याच चाकूने खून केला, हे वेगळं शाबीत करावं लागतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात या तरतुदी कलम 23 मध्ये आहेत. 2010 मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक दार बंद केलं: नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूच्या चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत.

प्रेताविना शिक्षा आपल्याकडेही होते. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे एप्रिल 2016 मध्ये नवी मुंबईतून बेपत्ता झाल्या, त्यांचा मृतदेह कधीच मिळाला नाही. पनवेलच्या सत्र न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये त्यांच्या खुनाच्या खटल्यात जन्मठेप सुनावली. प्रेत नसेल तर बाकी प्रत्येक दुवा दुप्पट घट्ट असावा लागतो. तपासाला वर्षं लागतात, हरवलेल्याच्या घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. तरीही दुसरी वाट नाही, असं मी मनापासून मानतो. कारण चुकीच्या माणसाला शिक्षा झाली, की त्या घरच्यांचा प्रश्न सुटत नाही. उलट त्याची फाइल बंद होते आणि मग शोधणारंच कोणी उरत नाही.

आइसलँडमध्ये नेमकं हेच झालं. शिक्षा झाल्यावर गुदमुंदुर आणि गेइरफिन्नुर यांचा शोध थांबला. साइवारने सुटल्यानंतरची वर्षं आपलं निर्दोषत्व सिद्ध करण्यात घालवली, पण 1997 मध्ये न्यायालयाने त्याचा फेरसुनावणीचा अर्ज फेटाळला. 2011 मध्ये कोपनहेगनला तो वारला. त्रिग्वी त्याआधीच, 2009 मध्ये गेला होता. त्याने कोठडीत लिहिलेल्या रोजनिश्या त्याच्या मुलीने पुढे आणल्या, तेव्हा चक्रं फिरली. सरकारने नेमलेल्या गटात आता लंडनमध्ये नावारूपाला आलेले गुदयोनसन होते. इतका प्रदीर्घ एकांतवास आणि इतकी अखंड चौकशी आपण जगात कुठे पाहिलेली नाही, असं त्यांचं मत पडलं. 2013 च्या अहवालाने सगळ्या कबुल्या अविश्वसनीय ठरवल्या.

27 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाचही पुरुषांना या खुनांशी संबंधित आरोपांतून निर्दोष मुक्त केलं. निर्दोष सोडा, अशी मागणी सरकारी वकिलांनीच केली होती. पंतप्रधान कात्रिन याकोब्सदोत्तिर यांनी माफी मागितली आणि पुढे नुकसानभरपाई दिली गेली. साइवार आणि त्रिग्वी यांच्या वाट्याची रक्कम त्यांच्या वारसांना मिळाली. एर्लावर दुसऱ्यांना खोटेपणाने गोवल्याचा ठपका होता. तो या निकालात आला नाही आणि नंतरही तिला फेरसुनावणी मिळाली नाही. सरकारने तिचीही माफी मागितली, भरपाईही दिली. पण ज्या चौकशीतून सगळ्यांच्या कबुल्या निघाल्या, त्याच चौकशीतून निघालेली तिची शिक्षा आजही कायम आहे.

गुदमुंदुर आणि गेइरफिन्नुर यांचे मृतदेह अजून मिळालेले नाहीत. 19 नोव्हेंबर 1974 च्या रात्री केफ्लाविकच्या त्या घरात फोन कोणी केला होता, हेही आजवर कळलेलं नाही.